ते चाळीस सेकंद

(पत्र सहा पानी आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून गोषवारा देते आहे.)

“मी अठ्ठावीस वर्षांची. मूळची सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. नोकरी पुण्यात, अकाउंट्समध्ये. कॉलेजातला एक मित्र आणि मी दीड वर्षापासून मराठीत पॉडकास्ट करतो. वेब सिरीज, कादंबऱ्या, व्हिडिओ गेम्स, जे आवडेल त्यावर गप्पा. ३१ भाग झाले. एका भागाला ऐंशीच्या आसपास ऐकणारे, त्यातले निम्मे ओळखीचेच. मित्राचं म्हणणं, घोळ मराठीचा आहे आणि विषयांच्या भेळेचा. हिंदी-इंग्रजीत जाऊ, फक्त गेम्स धरू, कॅमेरा लावू, मोठ्या लोकांना बोलावू. चाळीस हजारांचा खर्च दोघांत वाटून घ्यायचा, असा त्याचा हिशोबही तयार आहे. मला ते नकोय, पण का नकोय ते सांगता येत नाही. त्यात ओळखीच्या एका प्राध्यापकांनी ‘तुमच्या बोलण्याला समीक्षेची शिस्त नाही’ असं ऐकवलं. तेव्हापासून पुस्तकावर बोलायला बसलं की घशाला कोरड पडते. घरी पप्पा विचारतात, ‘मिळतं काय त्यातनं?’ चालू ठेवू, बंद करू की मित्राचं ऐकू? नाही म्हटलं तर मैत्री राहील का? आणि ताई, उत्तर देताना अहो-जाहो करू नका.”

बरं, नाही करत.

पत्रासोबत तू दोन भाग पाठवले होतेस. ते मी मेथी निवडता निवडता ऐकले. हात कामात असताना कान किती वेळ टिकतो, तीच पॉडकास्टची परीक्षा, कारण बहुतेक माणसं ते असंच ऐकतात. भांडी घासताना, लोकलमध्ये, रात्री कणीक मळताना. तर पहिला भाग सुरू झाला. ‘हाय हॅलो नमस्कार’, मग तुम्हा दोघांचं हसणं, मग कात्रजच्या ट्रॅफिकची तक्रार, मग मागच्या भागात काय राहून गेलं ते, मग पुन्हा हसणं, कशावर ते मला कळलं नाही. अर्धी जुडी झाली तेव्हा चार मिनिटं उलटून गेली होती आणि विषयाचं नावही निघालं नव्हतं. तुझं पत्र आलं नसतं तर मी तिथेच बंद केलं असतं.

नाही केलं म्हणून पुढचं ऐकायला मिळालं. विषय होता ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम. व्हिडिओ गेम म्हणजे धावणं आणि गोळ्या झाडणं, एवढीच माझी समजूत. तुम्ही दोघं बराच वेळ त्याच्या ‘मेकॅनिक्स’बद्दल, ‘एंडिंग्स’बद्दल बोललात आणि मला काही म्हणता काही दिसलं नाही. गेममध्ये नक्की करायचं काय असतं, हेच कुणी सांगितलं नव्हतं. ते मला भाचरानं सांगितलं. एका काल्पनिक देशाच्या सरहद्दीवरच्या खिडकीत बसलेला कारकून म्हणजे आपण. रांगेतून एकेक माणूस येतो, पासपोर्ट सरकवतो. तारीख, फोटो, शिक्का जुळतोय का ते बघायचं आणि प्रवेश द्यायचा किंवा नाकारायचा. जितके लोक बिनचूक हातावेगळे होतील तितका पगार. त्यातून भाडं, जेवण, घर गरम ठेवणं आणि आजारी पोराचं औषध. एकदा एक नवरा पुढे येतो, त्याचे कागद चोख असतात. मागून बायको येते, तिच्याकडे परवाना नसतो. आता काय करशील? लुकास पोप नावाच्या माणसानं जवळजवळ एकट्यानं केलेला हा २०१३ सालचा गेम. हे ऐकल्यावर मी मेथी बाजूला ठेवून भाचराला म्हटलं, दाखव बघू.

तुमच्या भागातही एक जागा आली होती. एकोणिसाव्या मिनिटाला तू म्हणालीस, “हे खेळताना मला सारखे आमचे पप्पा आठवत होते. ते तहसील कचेरीत होते ना. मी लहान असताना डबा द्यायला जायची, तर खिडकीपलीकडनं फक्त त्यांचा हात दिसायचा, शिक्का मारणारा. आणि अलीकडं एक म्हातारी उभी, तिचा कागद परत केलेला…” तिथे तुझ्या मित्रानं “बरं, आपण ग्राफिक्सबद्दल बोलूया” म्हणून गाडी वळवली आणि तूही निमूट वळलीस.

चाळीस सेकंद होते ते, मी घड्याळ लावून मोजले. एकतीस भागांत असे किती चाळीस सेकंद कापले गेले असतील, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. तुझ्या सगळ्या प्रश्नांची वाट मला तिथून जाताना दिसते. कारण गेमवर बोलणारे जगात हजारो आहेत, आणि ग्राफिक्सबद्दल तुझ्यापेक्षा बरं बोलणारेही पुष्कळ. तहसील कचेरीच्या खिडकीपलीकडचा तो हात मात्र तू एकटीनं पाहिला आहेस.

आता मित्राचा मुद्दा: मराठीमुळे लोक येत नाहीत. हे तुम्ही दोघांनी गृहीत धरलं आहे, तपासलेलं नाही. जिथून तुम्ही भाग प्रसिद्ध करता तिथल्या आकडेवारीत बहुतेक वेळा एक आलेख असतो, कितव्या मिनिटाला किती जण उरले याचा. तो उघड. माझा अंदाज, रेघ पहिल्या चार मिनिटांतच घसरलेली दिसेल. जे चार मिनिटांत उठून गेले ते मराठी भाग आहे हे बघूनच आले होते. आलेला माणूस मराठीमुळे कसा जाईल? तो ट्रॅफिकमुळे गेला. हीच चार मिनिटं हिंदीत केलीत तर हिंदीवाले जातील, एवढाच काय तो फरक. आणि आलेख माझ्या अंदाजापेक्षा वेगळा निघाला तर माझं सोड, आलेखाचं ऐक.

भाषेबद्दल माझी तक्रार निराळीच आहे, थोडी आगाऊपणाची वाटेल. तू माईकसमोर बसलीस की सांगली पुसून टाकतेस. सगळं धुतलेलं, इस्त्रीचं. फक्त त्या चाळीस सेकंदांत ‘पलीकडनं’, ‘अलीकडं’ आलं आणि आवाजही खाली, आपल्या जागेवर आला. मी बारा वर्षं रेडिओवर नैमित्तिक निवेदक होते. तेव्हा आम्हाला असलं काही चालायचं नाही, आम्ही सगळेच इस्त्रीचे. तुमच्यावर तर कुणी ड्यूटी ऑफिसर नाही बसलेला! उलट टोकाला जाऊन ‘गेम’ला ‘दृक्-क्रीडा’ करायचीही गरज नाही. ‘लेव्हल’, ‘बॉस’, ‘सेव्ह करणं’ हे शब्द खेळणाऱ्यांच्या तोंडी मराठीच झालेत. बाळ ज. पंडित आकाशवाणीवर क्रिकेटचं मराठीतून धावतं समालोचन करायचे, तेव्हा ज्यानं आयुष्यात मैदान पाहिलं नाही त्यालाही चेंडू कुठे गेला ते दिसायचं. ‘मेकॅनिक्स’ या शब्दाला प्रतिशब्द शोधण्यात वेळ घालवू नकोस, खिडकी, रांग आणि शिक्का दाखव.

विषयांच्या भेळेबद्दल मित्र अर्धा बरोबर आहे. आधी चुकलेला अर्धा सांगते. मराठी वाचकाला भेळ नवीन नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र या संपादकांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून एकाच अंकात कथा, कविता, व्यंगचित्रं, लेख आणि राशिभविष्य असं सगळं आपण दर वर्षी उशाशी घेऊन झोपतो. कादंबरीच्या शेजारी गेम बसला तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण दिवाळी अंकाला अनुक्रमणिका असते, आणि मित्राचा बरोबर असलेला अर्धा इथे आहे. तुमच्या भागांची नावं काय आहेत? ‘गप्पा भाग १७’. ‘गप्पा भाग १८ (धमाल)’. यातून कोण काय ओळखणार? ‘सरहद्दीवरचा कारकून आणि माझे पप्पा’ असं नाव असतं, तर गेम न खेळणारी माझ्यासारखीही थांबली असती. खाली दोन ओळींत कशावर बोलणं आहे, कितव्या मिनिटाला शेवट फोडला आहे, एवढं लिहिलंस की झालं.

शेवट फोडण्याबद्दल तुम्ही दोघं फार घाबरता, हेही जाणवलं. कादंबरीच्या भागात तर तुम्ही अर्धा तास तिच्याभोवती घुटमळलात आणि आत शिरलाच नाहीत, का तर स्पॉयलर होईल. कीर्तनाला बसलेल्या सगळ्यांना आख्यान पाठ असतं, तरी कुणी उठून जात नाही. भागाचे दोन तुकडे कर. पहिल्यात, काहीच न वाचलेल्याला आत घेऊन ये. मग स्पष्ट सांग की आता शेवटाबद्दल बोलणार, ज्याला नको त्यानं इथे थांबावं. दुसऱ्यात मोकळेपणानं बोल.

प्राध्यापकांचं घे. ते खोटं बोलले नाहीत. समीक्षेची शिस्त तुझ्याकडे नाही, तुला ती कुणी शिकवलेली नाही. पण तू समीक्षा करते आहेस असं तुझ्या पॉडकास्टवर कुठे लिहिलंय? वाचणाऱ्यानं वाचणाऱ्याशी बोलायचं, ही वेगळी गोष्ट आहे. तिलाही आपली शिस्त आहे, फक्त ती डिग्रीची नसते. पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं. अर्धवट सोडलं असेल तर कितव्या पानावर आणि का, ते सांगावं (अशा भागाची मी तर वाट बघेन). ‘अप्रतिम’, ‘नेक्स्ट लेव्हल’ म्हणण्याआधी ज्या परिच्छेदानं तसं वाटलं तो समोर ठेवावा. कादंबरीच्या भागात ‘रिलेटेबल’ हा शब्द मी अकरा वेळा ऐकला. एकदाही कुठला प्रसंग, कुणाला, कशाशी जुळला ते कळलं नाही. घशाला कोरड पडते म्हणतेस ना, ती माझ्या मते यामुळेच. हातात उतारा नसला की माणूस विशेषणांवर चालतो आणि विशेषणं लवकर संपतात.

उतारा वाचून दाखवायचा तर कायद्याचं थोडं बघावं लागतं. हे तुझ्यासारख्या बाकीच्यांसाठीही सांगते, कारण कुणी सिनेमांवर, कुणी शाळेतल्या धड्यांवर पॉडकास्ट काढलंय, आणि त्या पत्रांतही हा प्रश्न येतोच. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात समीक्षा-परीक्षणासाठी रास्त वापराची मुभा आहे. किती शब्द म्हणजे रास्त, असा आकडा त्यात नाही. म्हणून आपण आपली लाज राखावी. मुद्द्यापुरत्या ओळी, लेखकाचं नाव घेऊन. आख्खी कथा वाचायची तर जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे हक्क आहेत, मग तो लेखक असो वा प्रकाशक, त्यांची लेखी परवानगी हवी. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटली की हयातीत छापलेलं लेखन मोकळं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांची पुस्तकं कुणीही वाचावीत. सिनेमातली गाणी मागे वाजवण्याचा मोह मात्र टाळ. तुमच्या सुरुवातीला जे वाजतं ते कुठून घेतलंय, हे मी विचारत नाही. आजच काढ.

आणि ते चाळीस हजार. अजिबात नाही. तुमचा आवाज खराब येतो हे खरं, पण तो माईकमुळे नाही, खोलीमुळे येतो. उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो, वर पंखा, आणि सतराव्या मिनिटाला शेजारच्या कुकरची शिट्टी. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बस, पाठीमागे दोरीवर गोधडी टाक. माईक तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे फुत्कार त्यावर आदळत नाहीत. पंखा बंद. फ्रीज बंद. फ्रीज बंद करताना गाडीची किल्ली त्याच्या आत ठेव, म्हणजे तो चालू केल्याशिवाय घराबाहेर पडता येणार नाही. (मी एकदा अडीच लिटर दूध नासवून हे शिकले.) दोघं दोन गावांत असाल तर कॉलचा आवाज वापरू नका. दोघांनी आपापल्या फोनवर आपापलं रेकॉर्ड करायचं, सुरुवातीला एकदम एक टाळी वाजवायची. नंतर जोडताना दोन्ही टाळ्या एकाखाली एक आणल्या की काम झालं. जोडायला ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एवढं करूनही आवाज रुचला नाही, तर तीन-चार हजारांत बरा माईक येईल. कॅमेरा आणि दिवे त्यानंतर, आणि मला विचारशील तर कधीच नाहीत. दिवे लागले की पप्पांचा हात आठवत नाही, आपले केस कसे दिसतात ते आठवतं.

मित्राबद्दल मी मुद्दाम शेवटी बोलते आहे, कारण सहा पानांत सगळ्यात अवघडून तू तिथेच लिहिलं आहेस. त्याच्या सगळ्या योजना पत्रात आहेत. त्याला काय आवडतं, ते एकाही ओळीत नाही. म्हणून मी तुमचा आणखी एक भाग स्वतःहून शोधून ऐकला, ‘राजी’वरचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीनं केलेला २०२०चा गेम, हरवलेल्या भावाला शोधत निघालेल्या मुलीचा. त्यात दुर्गा आणि विष्णू ही गोष्ट सांगतात, आणि त्यांचं आपसांतलं बोलणं खेळणाऱ्याला कसं पुढे ढकलत नेतं, हे तुझ्या मित्रानं इतकं छान उलगडून सांगितलं की मला कळलं, याला गेमची आतली जोडणी दिसते. गाडीचं बॉनेट उघडून बघणारा मुलगा आहे तो. तुला खिडकीतली माणसं दिसतात, त्याला खिडकी कशी बसवली ते दिसतं. त्या दिवशी त्यानं तुझं बोलणं तोडलं ते उद्धटपणानं, असं मला आवाजावरून वाटलं नाही. वडिलांचा विषय निघाला, पुढे काय बोलायचं ते त्याला सुचलं नाही, आणि तो आपल्या ओळखीच्या जागी, ग्राफिक्सकडे पळाला. मी चुकतही असेन. पण त्याला तो भाग एकोणिसाव्या मिनिटापासून ऐकव आणि विचार, “इथं तू का वळलास?” ‘मराठी की हिंदी’ या भांडणाच्या आधी हा प्रश्न.

त्यानंतरही त्याला कॅमेऱ्याचं गेमिंग चॅनल काढायचं असेल, तर काढू दे. ती वेगळी हौस आहे, वाईट नाही, आणि कदाचित चालेलही. तू त्यात महिन्यातून एकदा पाहुणी म्हणून जा, तो इथे येईल. फक्त तीन गोष्टी गोडीत असतानाच लिहून ठेवा. सध्याचा पॉडकास्ट कुणाच्या ईमेलवर उघडलेला आहे, पासवर्ड कुणाकडे आहे, आणि एकजण बाहेर पडला तर नाव आणि जुने ३१ भाग कुणाकडे राहणार. साध्या वहीच्या पानावर, दोघांच्या सह्या. सामाईक पैसे अजून गुंतलेले नाहीत, ते तसेच राहू दे. मैत्री याउपर राहील का, ते मी कसं सांगू? पण नकोशा कामाचा निम्मा खर्च उचलून ती टिकवायला गेलीस, तर सहा महिन्यांनी दिव्यांच्या ईएमआयवरून भांडाल.

बंद करायचं की चालू ठेवायचं? सहा भाग कर. नव्या पद्धतीनं, अर्ध्या तासाच्या आत, पहिल्या मिनिटात विषय, प्रत्येकात एक तरी गोष्ट अशी जी ऐकणाऱ्याला दिसेल. एक रविवार सोडून एक, म्हणजे तीन महिने. मग तो आलेख पुन्हा बघ. तेव्हाही घशाला कोरड पडत असेल तर खुशाल थांब. दीड वर्ष हौस केली, कुणाचं काही देणं लागत नाहीस.

राहता राहिले पप्पा. ‘मिळतं काय त्यातनं’ याला तू आजवर काय उत्तर देत आलीस, पत्रात नाही. दिलंस तरी त्यांना पटणार नाही, कारण तू काय करतेस हे त्यांनी ऐकलेलंच नाही. त्यांना तो भाग पाठवू नकोस, पहिल्या चार मिनिटांत तेही बंद करतील. पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा फोन किंवा लॅपटॉपवर तो गेम त्यांच्यापुढे ठेव. खेळू दे दोन दिवस. मग रेकॉर्डिंग चालू करते आहे असं सांगून, परवानगी घेऊन, समोर बस आणि त्या म्हातारीचा कागद का परत केला होता ते विचार. ते आठवत नाही म्हणाले, तर टेबलावर शिक्के किती असायचे आणि जांभळी शाई बोटांवरून निघायला किती दिवस लागायचे, तिथून सुरू कर.